शिकायचे तर नोकरी सोडा म्हणे!

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला एका उपकेंद्रावर काम करणाऱ्या सिस्टर आमच्या बैठकांना येतात. कंत्राटी ए.एन.एम. चौदा वर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर. गेल्या वर्षी त्यांनी वीस हजार रुपये भरून 'घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग'ला नाव घातले. मोबाईलवर चार व्हिडिओ आले, मग तो फोन लागेनासा झाला.

"एवढी शिकलेली बाई फसली कशी?" आमच्यातलीच एक म्हणाली. मला या प्रश्नाचाच राग आला. सरळ रस्ता बंद असला की माणूस आडवाटेने जातो.

2018 पासून उपकेंद्रांची 'आरोग्यवर्धिनी केंद्रे' होऊ लागली, 2023 मध्ये त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' नाव मिळाले. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. त्या पदाला ए.एन.एम. चालत नाही, मग तिची सेवा कितीही वर्षांची असो. सिस्टरांच्या उपकेंद्रावर पंचविशीची मुलगी अधिकारी म्हणून आली. मुलगी चांगली आहे, तिच्याशी भांडण नाही. पण कुठल्या वाडीत कोण अवघडलेली आहे, हे ती सिस्टरांनाच विचारते.

मग पदवी घ्या ना! कशी? इग्नूने 1994 साली नोकरीतल्या नर्ससाठी दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक बी.एस्सी. सुरू केली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पण जनरल नर्सिंगचा डिप्लोमा आणि त्यानंतरचा अनुभव हवा. ए.एन.एम.ने आधी तो डिप्लोमा करायचा, म्हणजे तीन वर्षे पूर्णवेळ कॉलेज. पगार बंद, पोरे कोणाकडे? अभ्यासरजा मागावी तर नोकरी कायम हवी. मुरबाडच्या बाईचे तर आणखी कठीण: तालुक्यात रेल्वे नाही, कल्याण गाठायचे तर एस.टी.

"नर्सिंग काय मोबाईलवर शिकतात?" असे साहेब लोक म्हणतात. बरोबर आहे. पडद्यावर बघून सलाईन लावायला शिकलेली नर्स मलाही नको. पण या बाईचे हात चौदा वर्षे तेच करताहेत! तिला हवी आहे पुस्तकी बाजू, ती रात्री मोबाईलवर होईल. प्रात्यक्षिकाला शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आहे. आणि गंमत बघा, 2016 मध्ये केंद्र सरकारने 'अनमोल' नावाचे ॲप काढले. नावाची फोड 'ए.एन.एम. ऑनलाइन'! माहिती भरायला ती ऑनलाइन चालते. सिस्टर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून नोंदी करतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की हे काम मोबाईलवर होत नाही.

मी एम.एस.डब्ल्यू. केले ते वडिलांच्या पैशावर, वसतिगृहात राहून. त्यामुळे 'जिद्द असली की सगळे होते' हे मी तरी कोणाला सांगू नये.

मैत्रिणींनो, आपलेही थोडे चुकले आहे. आशाताईंच्या मानधनासाठी आपण मोर्चात गेलो. नर्सबाईकडे मात्र आपण सरकारचा हात म्हणूनच पाहिले. त्याला कारण होते. नसबंदीच्या 'केसेस' मोजायला तीच दारात यायची. 1996 साली केंद्राने ती लक्ष्ये काढली. पण ते आकडे तिच्याही डोक्यावर वरून लादलेले होते, हे आपण कधी बोललो?

नर्सेसच्या संघटनेबरोबर आपणही निवेदन द्यावे असे मला वाटते. कंत्राटी ए.एन.एम.ना पगारी अभ्यासरजा द्या, झालेली सेवा प्रवेशात आणि प्रात्यक्षिकात धरा, तालुक्याच्या रुग्णालयात शिकायची सोय करा. मसुदा सिस्टरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि खाली पेनाने एक ओळ वाढवली: 'परीक्षेच्या दिवशी लसीकरण सत्र लावू नये.'