'साहेब जागेवर नाहीत'

नगरपालिकेच्या कार्यालयात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही बेधडक सांगू, 'साहेब जागेवर नाहीत'. पंखा फिरत असतो, टेबलावर चष्म्याचे घर असते. माणूस तेवढा नसतो. 'चहाला गेलेत, येतीलच,' असे सांगणारा शिपाईही थोड्या वेळाने दिसेनासा होतो.

हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही, तो धंद्याचा आहे. मोठा व्यापारी आपला मुनीम पाठवतो. पण बेकरीवाला, फळविक्रेता, मालेगाव-भिवंडीत चार माग चालवणारा यांच्याकडे दुसरा माणूस कुठला? एका दाखल्यासाठी तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांची कमाई बुडाली. अंदाजपत्रकात कुठेही न दिसणारा हा कर गरीब धंदेवाल्यालाच भरावा लागतो.

कर्मचाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, एका कारकुनाकडे दोन टेबले असतात, वर निवडणुकीची कामे. हे खरेच आहे. पण त्याच नगरपालिकेचा सफाई कामगार उजाडण्यापूर्वी झाडू घेऊन रस्त्यावर असतो. २०२० च्या टाळेबंदीत आपण सारे घरात असताना तो कामावर होता. कमी पगाराच्या माणसाला वेळ पाळता येते, तर पंख्याखालच्या माणसाला का येऊ नये? राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला, तो रोजची वेळ वाढवून. सवलत घ्यायची आणि वाढीव वेळ विसरायची, हा व्यवहार कोणत्याही दुकानात चालणार नाही.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ स्थानिक संस्थांनाही लागू आहे. अधिसूचित सेवेची मुदत, फी आणि जबाबदार अधिकारी यांची माहिती कार्यालयातील फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्जाची पोच द्यावीच लागते. मुदत टळली तर दोन अपिले आणि त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते. सबळ कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

मग गाडे अडते कुठे? कडू वाटेल, पण बरेचसे आपल्यापाशीच अडते. आपण पोच मागत नाही, फलक वाचत नाही. रांग टाळण्यासाठी शंभराची नोट पुढे सरकवतो आणि घरी येऊन भ्रष्टाचारावर व्याख्यान देतो. त्या नोटेने आपले काम होते, पण आपल्यामागे उभ्या असलेल्याचे लांबते. उद्या तोच शिरस्ता होतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बाजारपेठेतील व्यापारी संघटनेने एक वही ठेवावी. कुणी कधी अर्ज केला, पोच क्रमांक काय, मुदत कधी संपते, एवढेच त्यात लिहावे. मुदत संपताच संघटनेने अर्जदाराला अपील लिहून द्यावे. एकट्या दुकानदाराला साहेबांच्या रोषाची भीती वाटते. पन्नास दुकानदारांची वही मात्र कुणालाही दडपता येत नाही. जो कर्मचारी वेळेत काम करतो, त्याचे नावही त्याच वहीत आदराने लिहावे.

आणि हो, दहाला उघडायचे दुकान आपण साडेअकराला उघडत असू, तर ही वही आधी घरापासून सुरू करावी!