ताप अंगावर काढण्याची किंमत

दिवाळीनंतर खामगावच्या बाजारात कापसाची आवक वाढते आणि पिंपळगाव राजासारख्या तालुक्यातील गावांतून मजूर जिनिंग-प्रेसिंगच्या कामाला निघतात. फ्लूचा एक हंगामही थंडीतच येतो. गाडीत दाटीवाटीने बसलेल्या एखाद्याला कणकण असते, घसा धरलेला असतो. पण खाडा पडला की रोज बुडतो, म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. जिनमध्ये रुईच्या धुळीने खोकला नेहमीचाच. फ्लूचा खोकला त्यात सहज लपतो.

साथ कामाच्या ठिकाणी कशी फोफावते, हे महाराष्ट्राने १९१८ मध्ये पाहिले आहे. त्या जूनमध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले; त्यांपैकी एक गोदीवर नेमलेला होता. पाठोपाठ बंदर, तार कार्यालय, टांकसाळ आणि गिरण्यांतील माणसे आजारी पडली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लाटेत सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. बुलढाणा त्याच वऱ्हाडातला. २००९ च्या स्वाइन फ्लूने पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद करायला लावली. तो विषाणू आजही दरवर्षी फिरतो आहे.

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. त्यातही तापाचे पहिले तीन-चार दिवस अधिक धोक्याचे. तापाची गोळी घेऊन कामावर गेल्याने ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. म्हणून गोळी न घेताही २४ तास ताप आला नाही, तरच कामावर परतावे. पिण्याच्या पाण्याला एकच पेला नको, हात धुण्याच्या जागी साबण हवा, खोकताना तोंडावर रुमाल हवा, खोलीत वारा खेळता हवा. धाप लागल्यास ताबडतोब डॉक्टर गाठावा. गर्भवती, मधुमेही आणि वृद्धांनी तर थांबूच नये. फ्लूवरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते.

पण रोजंदारीवरच्या माणसाला 'घरी विश्रांती घ्या' म्हणणे सोपे आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. मात्र कापसाचे जिनिंग कायद्याने 'हंगामी कारखाना' ठरते आणि हंगामी कारखान्यांना ही योजना लागू नाही. ज्याला घरी थांबायला सांगायचे, त्यालाच थांबण्याची सोय नाही.

ही त्रुटी सरकारने दूर करावी. तोवर जिनमालकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन-चार दिवसांची मजुरी द्यावी आणि मुकादमाने तापलेल्या माणसाला बिनदिक्कत परत पाठवावे. एका मजुराचे चार रोज मालकाला जड वाटतील. पण ऐन हंगामात निम्मी पाळी अंथरुणाला खिळली, तर होणारे नुकसान त्याच्या कितीतरी पट असेल. हात धुण्याची पाटी भिंतीवर जरूर लावावी, पण साथ रोखायची तर आजारी माणसाची हजेरीही मांडावी लागेल.