‘कोपार्सनर’ म्हणजे कोण?



गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यातल्या आपल्या बैठकांमध्ये एकच कागद पुन्हा पुन्हा समोर आला. हक्कसोडपत्र. वडील वारतात, तेरवी होते आणि काही दिवसांनी भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातो. तिथे बहीण सही करते किंवा अंगठा देते. भाऊ साडी घेऊन देतो आणि संध्याकाळच्या एसटीनं ती सासरी परत जाते. कागदात काय लिहिलं होतं, असं मी विचारलं की बहुतेकजणी सांगतात, “भावाच्या नावावर वावर करायचं होतं ना ताई.” आपलं काय गेलं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

गेलेल्या वस्तूचं कायद्यातलं नाव आहे ‘कोपार्सनर’ असण्याचा हक्क. मराठीत त्याला ‘सहदायाद’ म्हणतात. दोन्ही शब्द बैठकीत उच्चारले, तर एकही बाई मान हलवत नाही. म्हणून या अंकात आपण आधी या शब्दाचीच चौकशी करू.

हा शब्द मुळात इंग्रजी नाही. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या सरदारांनी इंग्लंड जिंकलं. राज्यकर्ते फ्रेंच बोलत, शेत कसणारे इंग्रजी. याची खूण आजच्या इंग्रजीत दिसते. लँड, फील्ड, हाउस हे कसणाऱ्यांचे शब्द इंग्रजीचेच राहिले. एअर म्हणजे वारस, इस्टेट म्हणजे मिळकत, रेंट म्हणजे खंड, तसेच कोर्ट आणि जज हे सगळे फ्रेंचमधून आले. आपल्या वऱ्हाडात तरी काय वेगळं झालं? १८५३ पर्यंत इथला कारभार निजामाचा होता. शेत, नांगर, पेरणी, निंदण हे शब्द आपले. जमीन, मालक, वारस, दावा, हक्क हे अरबी-फारसीतून आलेले. शब्द परका असला म्हणून वाईट नसतो. ‘हक्क’ तर आज आपल्या घोषणेतला शब्द आहे. पण राबण्याचे शब्द बाईला पाठ आणि मालकीचे शब्द दुसऱ्यांच्या तोंडी, ही वाटणी मात्र तपासायलाच हवी.

इंग्लंडमधल्या लोकांनाही हा त्रास होता. १३६२ साली तिथे कायदा झाला की कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं, कारण दावे फ्रेंचमध्ये चालतात आणि आपल्या बाजूनं किंवा विरुद्ध काय बोललं जातंय हे लोकांना कळत नाही. गंमत म्हणजे तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता! वकिलांची फ्रेंच त्यानंतरही टिकली. कोर्टाचे कागद इंग्रजीतच हवेत, हा नियम १७३३ साली लागू झाला.

आता ‘कोपार्सनर’कडे येऊ. ‘पार्सनर’ हा जुन्या फ्रेंचमधला शब्द, अर्थ वाटेकरी. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचंच पुढे ‘पार्टनर’ झालं. म्हणजे पानठेल्यावर मित्राला मारलेली ‘पार्टनर’ ही हाक आणि कोर्टातला हा जडजंबाल शब्द, दोघे एकाच घरचे. आणि इंग्लंडमध्ये कोपार्सनर कुणाला म्हणत? तिथे जमीन थोरल्या मुलाला जाई. मुलगा नसेल तर सगळ्या मुली मिळून वारस होत. अशा बहिणी म्हणजे कोपार्सनर! हा शब्द तिथे मुख्यतः बहिणींचाच होता. तिथल्या बायांचं सारं सुरळीत होतं असं नाही. वाटा मिळायचा तो भाऊ नसेल तरच, आणि लग्न झालं की मिळकतीचा ताबा नवऱ्याकडे. विवाहित बाईची मिळकत तिची स्वतःची, असं म्हणायला तिथे १८८२ चा कायदा यावा लागला.

इंग्रजी अमलात हाच शब्द हिंदू एकत्र कुटुंबाला लावला गेला आणि त्यात मोजले गेले फक्त पुरुष. बहिणींचा शब्द भावांचा झाला. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या वाट्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं वाटेकरी मुलगेच राहिले. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलगीही कोपार्सनर झाली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभराच्या कायद्यात मुलगी आली, लग्न झालेली असो वा नसो. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, यावर वाद चालू राहिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नकोत. हा हक्क जन्माचा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटणी पूर्ण झाली असेल, तर ती मात्र मोडत नाही.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो लागू होत नाही. म्हणजे आपल्या कोलाम आणि गोंड बहिणींसाठी हे दार अजून उघडलेलं नाही, आणि ही लढाई आपल्या सगळ्यांची आहे.

बैठकीत एक बाई म्हणाली, “भावाले नाही म्हटलं तं माहेर सुटते. मंग दिवाळीले जाऊ कोठी?” हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही, पण बाईच्या आयुष्यात तो पहिला आहे. कर्जात बुडालेल्या भावाचं दुःखही आपण पाहतो. बहिणीनं समजून-उमजून वाटा सोडला, तर तो तिचा निर्णय आहे. पण आपल्याजवळ काय होतं हे जिला ठाऊकच नाही, तिनं ते ‘दिलं’ असं कसं म्हणायचं? आणि भावावरची माया दाखवायला दरवेळी बहिणीचाच अंगठा का लागावा?

तेव्हा सही करण्याआधी एवढं करा. कागद आपल्याला कळेल अशा बोलीत मोठ्यानं वाचून घ्या, आणि वाचणारा भावाच्या बाजूचा नसावा. कुठलं वावर, किती एकर, त्यात माझा वाटा किती, हे विचारा. एक प्रत मागून घ्या. जमिनीवरचा हक्क तोंडी सोडता येत नाही, त्यासाठी नोंदलेला दस्त लागतो. फेरफारात नाव चढलं नाही एवढ्यानं हक्क जात नाही. आणि आज नको वाटलं तर “विचार करून सांगते” म्हणा.

शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. तसाच ‘सहदायाद’ हाही संस्कृत वळणाचा शब्द. फ्रेंच गेलं, संस्कृत आलं, बाई होती तिथेच राहिली. मला वाटतं, आपण ‘जन्मानं वाटेकरी’ म्हणावं. तुमच्या गावात, तांड्यावर, पोडावर याला काय म्हणता येईल? गोरमाटी, कोलामी, गोंडी, वऱ्हाडी, जो शब्द तुमच्या गटाला पटेल तो लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते सगळे छापू.