गणिताच्या तासाला थोडी गलबल हवी

महाविद्यालयातील गणिताचा तास हा शांततेचा आदर्श समजला जातो. प्राध्यापक फळा भरतात, विद्यार्थी वही भरतात, फळा पुसला जातो आणि घंटा होते. या शांततेला शिस्त म्हणण्याची आपली प्रथा आहे. वस्तुतः पुष्कळदा ती न समजलेल्यांची शांतता असते.

आंबिवलीहून कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहावयास हवे. कल्याणपर्यंत येणाऱ्या गाड्या पुष्कळ; पुढे कसाऱ्याच्या बाजूस जाणाऱ्या त्या मानाने थोड्या. साहजिकच तास संपताच त्याचे लक्ष गाडीच्या वेळेकडे लागते. वसतिगृहात रात्री चौघांनी मिळून उदाहरणे सोडविण्याची सोय त्याला नाही. एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडल्यावर आंबिवली-मोहने परिसरातील ज्या घरांची घडी विस्कटली, तेथे खासगी शिकवणीचा आधारही सहज परवडणारा नव्हे. अशा मुलास सहाध्यायी भेटतात ते वर्गातच, आणि नेमके तेथेच आपण त्यास बोलू देत नाही!

ही उणीव किती महागात पडते, हे अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९७० च्या दशकात दिसून आले. कलनशास्त्रात मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते. ते एकेकटे अभ्यास करीत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसत, असे युरी ट्राइसमन यांच्या ध्यानी आले. त्यांनी गटागटाने अवघड उदाहरणे सोडविण्याचे वर्ग काढले आणि निकाल पालटला. पुढे २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कामास लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले.

खेळ म्हटला की आपले विद्वज्जन नाक मुरडतात. त्यांनी द. रा. कापरेकरांचे स्मरण करावे. ठाण्यात शिकलेल्या आणि देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकविणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभर संख्यांशी खेळ मांडला. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचे नाव मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका रेल्वे स्थानकावरून आले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली जगभरच्या वाचकांपुढे ठेवला.

तोच वर्गात आणावा. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करा. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या येथेच पोहोचते. येथवर गंमत झाली, आता ‘का?’ हा प्रश्न टाकावा. तपासावयाच्या संख्या ९,९९०. परंतु पहिली वजाबाकी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक, एवढ्या दोहोंवरच अवलंबून असते, हे बीजगणिताने सिद्ध होते. मग उरतात अवघ्या ५४ शक्यता. छत्तीस विद्यार्थ्यांचे नऊ गट केले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सहा! वाटणी होते, पडताळा होतो, आणि सिद्धता संपूर्ण वर्गाची ठरते. तीन अंकांत ४९५ येतात, दोन अंकांत मात्र चक्र का फिरते, हे प्रश्न पुढच्या तासाला आहेतच.

अभ्यासक्रम पुरा कसा व्हावयाचा, हा आक्षेप खोटा नाही. गटात एकाने करावे व तिघांनी उतरवावे, हा धोकाही खराच. म्हणून फळ्यापाशी कोणी यावे हे चिठ्ठी टाकून ठरवावे, आणि सिद्धतेवाचून खेळ संपला असे मानू नये. व्याख्यान मोडीत काढा, असे कोणी म्हणत नाही. आठवड्यातून एक तास एवढीच मागणी आहे. मात्र अंतर्गत मूल्यमापनात त्या तासाला गुण हवेत. अन्यथा तोही हजेरीपुरता उरेल. प्राचार्यांनी वेळापत्रकात तो तास दुपारच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे आंबिवलीच्या मुलास गाडीसाठी सिद्धता अर्ध्यावर टाकून उठावे लागणार नाही.