चौदा फुटांवरचं आभाळ



पोरगा लग्नाचा झाला की झोपडीत पहिला प्रश्न मुलगी कुठली हा नसतो, निजायचं कुठं हा असतो. दहा बाय बाराची खोली. त्यात आईबाप, दोन भाऊ, बहीण, आणि आता सून. मग माणूस वर बघतो. पत्रा काढायचा, लोखंडी अँगल टाकायचे, पोटमाळा चढवायचा, जिना बाहेरून घ्यायचा. खाली जमीन नाही म्हणून वर जायचं. यात कसली आलीय चैन?

पण वर जायचं म्हटलं की दोघं आडवे येतात. एक पालिकेचा माणूस आणि दुसरा शेजारी. पालिकेला आपण रोज शिव्या घालतो. आज शेजाऱ्याबद्दलही बोलू. कारण तो आपलाच आहे.

त्याआधी पैसेवाल्याचं घर कसं वाढतं ते बघा. नगररचनेचा कायदा १९६६ चा. त्याच्या कलम ४४ खाली अर्ज करायचा. नकाशा, आर्किटेक्टची सही, मालकीचे कागद जोडायचे. साठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर नियमात बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळाली असं कायदाच धरतो. नाकारलं तर कलम ४७ खाली अपील. उपनगरात मूळ एफएसआय एक. जेवढा प्लॉट तेवढं बांधकाम. पण हा एक कुणाला अडवतो? प्रीमियम भरा, टीडीआर विकत घ्या, रुंद रस्ता दाखवा, एकाचे दोन होतात. हा टीडीआर येतो कुठून? त्यातला एक हिस्सा येतो झोपडपट्टी पुनर्वसनातून. म्हणजे झोपडी पाडून निघालेला टीडीआर अंधेरी-बोरिवलीत दुसऱ्याच्या इमारतीवर मजला होऊन चढतो. झोपडीवर मात्र पोटमाळा चढायचा नाही!

झोपडीवाला हाच अर्ज करायला गेला तर पहिल्याच कागदावर अडतो. जमीन कुणाची? सरकारची, पालिकेची, ट्रस्टची, नाहीतर कुण्या जमीनदाराची. मग तू कोण? तू फोटोपासवाला. १९७६ साली झोपड्यांची गणती झाली, फोटोपास आले. हळूहळू नळ आला, मीटर आला, मतदार यादीत नाव आलं. घर वाढवायचा अर्ज काही आला नाही. पालिकेनं वर्षानुवर्षं आपल्याला एकच मोजपट्टी लावली: चौदा फूट. त्याच्या वर डोकं काढलं की हातोडा.

ही मोजपट्टी आपल्या बापजाद्यांना नवी नाही. अस्पृश्याच्या घरावर कौलं दिसली तर गावाच्या लेखी तो गुन्हा होता, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. गवताचं छप्पर ही आपली पायरी. गाव सुटलं, शहरात आलो, कौलाच्या जागी स्लॅब आला. आपलं घर किती उंच असावं हे आजही दुसराच ठरवतो.

आता शेजारी. शेजाऱ्याच्या हरकतीच्याही दोन जाती आहेत, त्या ओळखायला शिका.

एक हरकत येते रस्त्यापलीकडच्या सोसायटीतून. त्यांना बस्तीत मजला दिसला की शहर बकाल होतं, फ्लॅटचा भाव पडतो. हेच लोक बाल्कनी बंद करून खोली काढतात. तेव्हा शहराला काही होत नाही. या हरकतीत वीटवाळू कमी आणि आपल्याबद्दलची किळस जास्त. तिला भीक घालायचं कारण नाही.

दुसरी हरकत आपल्याच गल्लीतली. गल्ली तीन फुटांची. तुझा जिना तिच्यात उतरला तर म्हातारीला दवाखान्यात न्यायची कशी? तुझ्या पत्र्याचं पाणी माझ्या दारात पडतं. तुझा भार माझ्या भिंतीवर येतो, आणि ती भिंत मी सिमेंट उधार आणून बांधलीय. माझ्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागेल. ही हरकत खरी आहे. ती करणाऱ्याला आपली पोरं ‘पालिकेचा खबरी’ म्हणतात. चूक आहे हे.

कारण त्याला बोलायला जागाच ठेवलेली नाही. शहराचा आराखडा बदलायचा तर सरकार लोकांच्या हरकती मागवतं. शेजारच्या भिंतीवर मजला चढणार असेल तर त्या शेजाऱ्याला आधी विचारायची सक्ती कायद्यात नाही. मग त्याच्या हातात उरते फक्त तक्रार. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यात काम थांबवायला कलम ३५४अ आहे, पाडायला ३५१ आहे. तक्रार गेली की दलाल येतो. बांधणाऱ्याकडून घेतो, तक्रारदारालाही झुलवतो. दोन्ही घरं आपली, पैसा मधल्याचा. मजला बेकायदा तो बेकायदाच राहतो. त्यावर इंजिनिअरची नजर कधीच पडत नाही.

आणि मग माणसं मरतात. ९ जून २०२१ च्या रात्री मालाडच्या मालवणीत वाढवलेलं घर शेजारच्या घरावर कोसळलं. मेलेल्यांत बहुतेक लहान मुलं होती. उच्च न्यायालयानं चौकशी लावली. आणि हे फक्त बस्तीतच होतं असं समजू नका. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर फेरफार चालले होते. आम्ही आधीच हरकत घेतली होती असं वाचलेले रहिवासी सांगत होते. शेजाऱ्याचं वेळेवर ऐकलं नाही की त्याची किंमत अशी मोजावी लागते.

काही म्हणतील, थांबा, एसआरएची बिल्डिंग येईल. आधी २२५ चौरस फूट देत होते, २००८ नंतर २६९, आता ३००. घरात माणसं चार असोत की नऊ, आकडा तोच. आणि तिथं वर पोटमाळाही नाही.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. १९८५ साली वर्ल्ड बँकेच्या पैशानं चारकोप, गोराईला आखलेले छोटे प्लॉट दिले. पाणी, गटार, रस्ता सरकारचा. घर ज्यानं त्यानं बांधायचं. चौकाभोवती घरं, घरांची सोसायटी. लोकांनी पैसा जमेल तसं घर वाढवलं. जमिनीवर हक्क दिला की गरीब माणूस नीट बांधतो, हे या शहरानं बघितलंय. बघूनही पुढं झोपडीची जमीन बिल्डरच्या हवाली केली.

म्हणून आपली मागणी साधी आहे. बस्तीतल्या माणसाला घर वाढवायचा अर्ज द्या. मालकीच्या कागदाऐवजी फोटोपास धरा. वॉर्ड ऑफिसमध्ये इंजिनिअर बसवा. त्यानं पाया, भिंत, जिना तपासून सही करावी. आणि सही करण्याआधी लागून असलेल्या घरांचं म्हणणं ऐकावं, लिहून घ्यावं.

हे मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथं आपली शाखा आहे तिथं गल्लीची बैठक लावा. ज्याला वर जायचंय त्यानं आधी शेजाऱ्याच्या दारात जावं. जिना कुठून, पाणी कुठं, भार कशावर, हे टेप लावून ठरवावं आणि दोघांनी सही करावी. मिस्त्रीला विचारण्याआधी जाणत्या इंजिनिअरला दाखवा. आपलीच पोरं आता डिप्लोमा, डिग्री घेऊन बसलीत, त्यांना कामाला लावा. दलालाला गल्लीत पाय ठेवू देऊ नका.

शेजाऱ्याची सही हातात असली तर वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेताना तोही आपल्या बाजूला चालेल. नाहीतर आपण हातोड्याविरुद्ध घोषणा देत असू आणि हातोडा बोलावणारा आपल्याच भिंतीपलीकडं असेल.