पुस्तकाची शिफारस



नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत मिहान नावाचा मोठा परिसर आहे. एका लांबलचक इंग्रजी नावातील अक्षरे जुळवून हा छोटासा शब्द तयार झाला. देशोदेशींचा माल येथे यावा, येथून परदेशी जावा, उद्योग वाढावेत आणि तरुणांना काम मिळावे, या हेतूने हा प्रकल्प आखला गेला. २००२ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी त्याची देखरेख करते.

आता समजा, तुम्हांला कोणी विचारले, ''मिहान कसे आहे?'' संगणकाच्या कंपनीत काम करणारा तरुण म्हणेल, ''येथे काचेच्या उंच इमारती आहेत.'' ज्याची जमीन प्रकल्पात गेली तो शेतकरी म्हणेल, ''येथे आमचे शेत होते.'' एम्स रुग्णालयात आलेली आजारी बाई म्हणेल, ''येथे मला औषध मिळते.'' वनखात्याचा कर्मचारी म्हणेल, ''येथे २०१९ च्या नोव्हेंबरात वाघ फिरत होता, आम्ही कॅमेरे लावून बसलो होतो.''

यांपैकी खरे कोण बोलले? सगळेच खरे बोलले. पण एकाचेच ऐकून तुम्ही उठून गेलात, तर मिहान तुम्हांला कळले असे म्हणता येणार नाही.

जे एका परिसराचे, तेच देशाचे. कॅनडाचे उदाहरण घेऊ. आकाराने तो जगातील दुसऱ्या क्रमांकाचा देश आहे. आपल्याला त्याची माहिती किती? तिथे बर्फ पडतो, झेंड्यावर मेपलचे लाल पान आहे आणि ओळखीतल्या कोणाचा तरी मुलगा तिथे शिकायला गेला आहे. एवढ्यावर आपण थांबतो. अधिक जाणून घ्यायचे, तर तिथली पुस्तके वाचावी लागतात. पण कोणती? येथे शिफारशीची गरज पडते.

शिफारस हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तुम्ही त्याला सिफारिश म्हणता. फारसीतून तो दोन्ही भाषांत आला. व्यवहारात मात्र हा शब्द थोडा बदनाम झाला आहे. नोकरीसाठी शिफारस म्हटले, की वशिला आठवतो. पुस्तकाची शिफारस तशी नसते. ती करणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे नसते. आपल्याला जे आवडले ते दुसऱ्यालाही मिळावे, एवढीच त्याची इच्छा असते.

यान मार्टेल या कॅनडाच्या लेखकाने अशी शिफारस थेट आपल्या पंतप्रधानांना केली. २००७ सालापासून जवळजवळ चार वर्षे तो दर पंधरवड्याला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांना एक पुस्तक पाठवत असे. हे पुस्तक का वाचावे, हे सांगणारे पत्रही सोबत असे. पहिले पुस्तक टॉलस्टॉय या रशियन लेखकाचे होते. पुढे भगवद्गीताही गेली, नाटके गेली, मुलांची पुस्तकेही गेली. पंतप्रधानांच्या कार्यालयाकडून मोजकी उत्तरे आली. स्वतः पंतप्रधानांनी एकदाही उत्तर दिले नाही. तरीही लेखक पाठवत राहिला. देशाचा कारभार पाहणाऱ्याने माणसांच्या गोष्टी वाचाव्यात, असे त्याला वाटत होते.

कॅनडात शिफारशीचा आणखी एक मोठा उपक्रम आहे. तिथल्या राष्ट्रीय नभोवाणीवर २००२ पासून 'कॅनडा रीड्स' हा कार्यक्रम होतो. पाच प्रसिद्ध व्यक्ती पाच पुस्तके निवडतात. आपलेच पुस्तक साऱ्या देशाने का वाचावे, यावर त्या वाद घालतात. रोज एक पुस्तक मतदानाने बाद होते आणि शेवटी एक उरते. पहिल्या वर्षी मायकेल ओंडाटजे यांची 'इन द स्किन ऑफ अ लायन' ही कादंबरी विजयी झाली. हे लेखक श्रीलंकेत जन्मलेले आहेत. टोरांटो शहरातला मोठा पूल आणि जलशुद्धीकरण केंद्र बांधणारे परदेशी मजूर या कादंबरीत आहेत. मोठी बांधकामे झाली, की त्यांचे उद्घाटन करणाऱ्यांची नावे दगडावर कोरली जातात. घाम गाळणाऱ्यांची नावे सहसा राहत नाहीत. ती उणीव भरून काढायला कादंबरी लागते.

हा कार्यक्रम मला आवडतो, पण त्याची एक गोष्ट पटत नाही. पुस्तक म्हणजे खेळाडू नव्हे. एक पुस्तक जिंकले म्हणून उरलेली चार बाद का व्हावीत? पाच माणसांनी पाच वेगवेगळी पुस्तके सुचवली, हाच खरा लाभ आहे. म्हणून मीही तुम्हांला एक पुस्तक सुचवत नाही. एकमेकांशी न जुळणारी पाच पुस्तके सुचवतो.

पहिले पुस्तक, लूसी मॉड मॉन्टगोमेरी यांचे 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'. ते १९०८ साली प्रसिद्ध झाले. शेतीच्या कामाला मुलगा हवा असलेल्या वृद्ध बहीणभावाच्या घरी चुकून एक अनाथ मुलगी येऊन पोहोचते. तिचे केस लाल आहेत आणि तोंड सतत चालू आहे. वर्गातला एक मुलगा तिच्या केसांवरून तिला चिडवतो, तेव्हा ती त्याच्या डोक्यावर पाटी फोडते. मुलगा हवा होता, मुलगी आली, म्हणून नाक मुरडणारे लोक आपल्याकडेही आहेत. त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.

दुसरे पुस्तक अगदी लहान आहे. रॉक कॅरिये यांची 'द हॉकी स्वेटर' ही गोष्ट मूळ फ्रेंच भाषेत लिहिलेली आहे. एका गावातल्या मुलाला आपल्या लाडक्या मॉन्ट्रियल संघाचा स्वेटर हवा असतो. त्याची आई दुकानाला पत्र लिहून तो मागवते. पार्सल उघडून पाहतात, तर आत प्रतिस्पर्धी टोरांटो संघाचा स्वेटर! आता तो घालून मैदानावर जायचे कसे? क्रिकेटवेड्या मुलांना त्याचे दुःख समजावून सांगायला नको. या गोष्टीतील ओळी पुढे कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापल्या गेल्या. आपली नोटही काढून पाहा. तिच्यावरील भाषांच्या यादीत मराठी आहे आणि उर्दूही आहे.

तिसरे पुस्तक मुंबईत जन्मलेल्या लेखकाचे आहे. रोहिंटन मिस्त्री १९७५ साली कॅनडाला गेले. त्यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी १९९१ साली आली. तिच्यात मुंबईतला एक पारशी बँक कर्मचारी आहे आणि १९७१ च्या युद्धाचा काळ आहे. त्याच्या इमारतीच्या भिंतीपाशी लोक घाण करतात. मग रस्त्यावर चित्रे काढणारा एक माणूस त्या भिंतीवर सर्व धर्मांचे देव, संत आणि पवित्र स्थाने रंगवतो. घाण थांबते, लोक तिथे हात जोडू लागतात. मुंबईची ही गोष्ट कॅनडाची कशी, असे तुम्ही विचाराल. देश सोडून गेलेला माणूस आपल्या गल्लीच्या आठवणी बरोबर नेतो. अशा आठवणी घेऊन आलेल्या अनेकांनी आजचा कॅनडा घडवला आहे.

चौथे पुस्तक यान मार्टेल यांचेच आहे. 'लाइफ ऑफ पाय' २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यावरील चित्रपटात इरफान खान यांनी काम केले होते. पाँडिचेरीचा एक मुलगा मंदिरात जातो, चर्चमध्ये जातो आणि मशिदीत नमाजही पढतो. त्याच्या वडिलांचे प्राणिसंग्रहालय असते. कॅनडाला जाताना जहाज बुडते आणि हा मुलगा एका वाघासह २२७ दिवस नावेत काढतो. मिहानमध्ये वाघ दिसला तेव्हा लोक घाबरले होते. ती भीती आठवून ही कादंबरी वाचा. भीती आणि सोबत एकाच नावेत कशा राहू शकतात, ते समजेल.

पाचवे पुस्तक मनाला सर्वांत अधिक लागणारे आहे. 'फॅटी लेग्ज' ही मार्गारेट पोकियाक-फेंटन यांची खरी कहाणी आहे. त्यांनी आपल्या सुनेच्या मदतीने ती लिहिली आणि २०१० साली ती प्रसिद्ध झाली. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील या मुलीला वाचायला शिकायचे होते. त्यासाठी तिने हट्ट धरला आणि ती दूरच्या निवासी शाळेत गेली. तिथे तिचे केस कापले, नाव बदलले आणि तिला मोठे लाल मोजे घालायला लावून हसे केले. पुढच्या पुस्तकात ती घरी परतते, तेव्हा आईची भाषाच ती बरीचशी विसरलेली असते. ही एकट्या मुलीची गोष्ट नव्हे. कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या दीड लाखाहून अधिक मुलांना अशा शाळांत ठेवले गेले. आपल्या भाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. ते पंतप्रधान म्हणजे ज्यांच्याकडे पुस्तके येत होती तेच स्टीफन हार्पर.

हे पुस्तक मी मुद्दाम यादीत ठेवले आहे. देशाचे कौतुक करणारीच पुस्तके सुचवली, तर ती शिफारस राहत नाही, जाहिरात होते. शिवाय ते तुमच्या फार जवळचे आहे. तुम्ही उर्दूतून शिकता आणि मराठीही शिकता. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी विसरा, असे तुम्हांला कोणी म्हणू शकत नाही. आपली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. ज्या मुलांना तो मिळाला नाही त्यांची कहाणी वाचली, म्हणजे त्याची किंमत कळते.

कोणी म्हणेल, ''आपलीच पुस्तके वाचून होत नाहीत, मग कॅनडाची कशाला?'' ही शंका रास्त आहे. आपल्या भाषांतली पुस्तके आधी वाचावीत, हे मलाही मान्य आहे. पण दोन्हींत भांडण नाही. उलट, दुसऱ्याच्या देशासाठी यादी करू लागलो, की आपल्या देशाची यादी आठवते. समजा, कॅनडातील एखाद्या मुलीने विचारले, ''तुमचे नागपूर आणि विदर्भ समजण्यासाठी काय वाचू?'' तुम्ही काय सांगाल? नुसती संत्री सांगून भागणार नाही. सुरेश भटांच्या गझला सांगाव्या लागतील. त्यांच्या एका संग्रहाचे नाव 'एल्गार' आहे. उर्दूतला यलगार तुम्हांला त्यात लगेच ऐकू येईल. मारुती चितमपल्ली यांचे 'रानवाटा' सांगावे लागेल, कारण जंगलाशिवाय विदर्भ अपुरा आहे. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक सांगावे लागेल. आणि एक उर्दू पुस्तक तुम्हीच निवडायचे आहे. ते दुसरा कोणी निवडू शकणार नाही.

पुस्तके इंग्रजीत आहेत म्हणून मागे हटू नका. ग्रंथालयात भाषांतर आहे का, ते विचारा. नसेल, तर गुरुजींना किंवा बाईंना गोष्ट सांगायला लावा. 'द हॉकी स्वेटर'सारखी छोटी गोष्ट शब्दकोश जवळ घेऊन स्वतः वाचा. आणि वाचून झाले, की शिफारस करा. शिफारस करताना तीन गोष्टी सांगा: पुस्तकात कोण आहे, तुम्हांला काय आवडले आणि काय पटले नाही. ''छान आहे, वाच'' एवढेच म्हणणे पुरेसे नाही. वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावा. त्यावर प्रत्येकाने महिन्याला एका पुस्तकाबद्दल चार ओळी लिहाव्यात. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. चाळीस मुलांच्या वर्गात वर्षभरात किती पुस्तकांची ओळख होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

मिहानचा विचारही त्या वेळी मनात असू द्या. टोरांटोचा पूल बांधणाऱ्या मजुरांवर कादंबरी लिहिली गेली. मिहानमध्ये ज्यांची शेते गेली, ज्यांनी विटा वाहिल्या आणि ज्यांना येथे पहिली नोकरी मिळाली, त्यांच्या गोष्टीही सांगण्यासारख्या आहेत. त्या माणसांशी बोला. ऐकलेले वहीत उतरवून ठेवा. पुढे कधी परदेशातला वाचक नागपूरचे पुस्तक मागेल, तेव्हा त्याला देण्यासाठी तुमच्यापैकी कोणाचे तरी पुस्तक आपल्याजवळ असावे, असे मला मनापासून वाटते.