विमान कोण उतरवते?

विमानात बसलेल्या माणसाला भीती वाटते ती ढगांची आणि हादऱ्यांची. पण वैमानिकाचा खरा कस लागतो तो खाली येताना. आकाशात उंचावर असताना चूक झाली तर ती निस्तरायला उंची असते, वेळ असतो. धावपट्टी जवळ येऊ लागली की उंची, वेग आणि वेळ ही तिन्ही एकदमच संपत आलेली असतात. आणि आधुनिक विमानांत याच टप्प्याचे बरेचसे काम संगणकाकडे गेले आहे.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी दुपारी मुंबईहून बंगळूरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ जण दगावले. विमान नवे कोरे होते, हवा स्वच्छ होती, इंजिनांत बिघाड नव्हता. यंत्रणा मात्र इंजिने अगदी मंद ठेवून खाली येण्याच्या अवस्थेत होती. उंचावरून उतरताना ही सोय उत्तम. पण जमीन जवळ आल्यावर वेग टिकवायला इंजिनाचा जोर लागतो. तो मिळाला नाही आणि वेग घटत गेला. कॉकपिटमध्ये ४००, ३००, २०० फूट अशा घोषणा होत होत्या. थ्रॉटल पुढे ढकलले गेले तेव्हा उशीर झाला होता. ती अवस्था ऐन वेळी कशी लागू झाली, हे चौकशीतही निश्चित ठरले नाही. वैमानिकांना परिस्थितीचे गांभीर्य वेळीच उमगले नाही, एवढे नोंदवले गेले.

या विमानाची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संगणक इंजिनाचा जोर कमीजास्त करतो तेव्हा वैमानिकाच्या हाताखालचा थ्रॉटल हलत नाही. जे पूर्वी हाताला कळायचे, ते आता पडद्यावर वाचावे लागते.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ याच जातीचे विमान डोंगरावर आदळून ९६ पैकी ८७ जण मरण पावले. चौकशीत पुढे आलेली एक प्रबळ शक्यता अशी : वैमानिकांना ३.३ अंशांची उतरण हवी होती. पण बटण दुसऱ्या अवस्थेत असल्याने यंत्राने ३३ या आकड्याचा अर्थ मिनिटाला ३३०० फूट असा घेतला. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली. पुढे हा आकडा दाखवण्याची पद्धत बदलण्यात आली.

हे सारे जुन्या काळातले म्हणावे, तर ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीचे बोइंग ७७७ धावपट्टीआधीच्या बांधावर आपटले. दिवस लख्ख होता. वेग यंत्र सांभाळते आहे असा वैमानिकांचा समज होता. यंत्राने मात्र ते काम सोडून दिले होते. १३७ नॉट हवा असलेला वेग १०३ वर आला. तिघांचा बळी गेला.

मग यंत्रे काढून टाकायची का? मुळीच नाही. त्यांच्यामुळेच विमानप्रवास पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाला आहे. दिल्लीच्या दाट धुक्यात विमाने उतरतात ती त्यांच्याच जोरावर. दुखणे वेगळे आहे. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते १९८३ मध्येच नेमके सांगितले होते : यंत्र सोपे काम काढून घेते आणि माणसाकडे उरते ते अवघड; शिवाय सराव तुटल्याने त्या अवघड कामाचे कसबही हळूहळू जाते. तासन् तास नुसती राखण करणे आणि एका क्षणात सूत्रे हाती घेणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून अपेक्षिली जातात.

बँकेत संगणक आले तेव्हा याचे सौम्य रूप मी पाहिले. व्याजाचे हिशेब चुटकीसरशी होऊ लागले. ग्राहक सुखावला, आम्हीही सुखावलो. पण आकड्यावर नुसती नजर टाकून ‘हे काहीतरी चुकतंय’ म्हणणारे जुने कारकून निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर ती नजरही गेली. बँकेत चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी उलटी फिरवता येते. दोनशे फुटांवर दुसरा दिवस नसतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना सुचवले, की योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान चालवू द्या. सल्ला शहाणपणाचा आहे. पण सरावाला वेळ लागतो आणि वेळेला पैसा. स्वस्त तिकिटाच्या चढाओढीत हा खर्च पहिल्यांदा डोळ्यांत खुपतो. अपघातानंतर अहवालात ‘मानवी चूक’ असे लिहिले जाते, आणि बहुधा ते खरेही असते. पण त्या माणसाला सरावाचे किती तास मिळाले होते, आणि यंत्र नेमके काय करते आहे हे त्याला सहज दिसत होते का, हे प्रश्न अपघाताआधी विचारायला हवेत. ते विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे.